मनावरची पुस्तकं वाचताना वहीत काय लिहायचं

मन, सवयी, समाज यांवरची पुस्तकं मी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरातून आणतो. १८५० पासूनचं हे वाचनालय घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण ही पुस्तकं कशी वाचायची ते मला शिकवलं एका विद्यार्थ्याच्या आईनं.

सातवीतलं ते पोरगं रोज दुसऱ्या तासाला डबा उघडायचं. मांडीवर डबा, बाकावर पुस्तक, आणि वर्गभर लसणीच्या चटणीचा वास. मी तेव्हा मार्शमॅलोच्या, म्हणजे एका मऊ मिठाईच्या, प्रयोगाबद्दल नुकतंच वाचलं होतं. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मुलांपुढे खाऊ ठेवला. थोडा वेळ कळ काढलीस तर दुप्पट मिळेल, असं सांगून त्यांना एकटं सोडलं. जी मुलं जास्त वेळ थांबली ती पुढं अभ्यासात सरस ठरली, असं पुस्तकात होतं. पालकसभेत मी त्या आईला सांगून टाकलं, "याला संयम नाही. पुढं जड जाईल."

ती गुऱ्हाळावर कामाला जायची. म्हणाली, "सर, पोरगं पहाटं चारला उठतंय माझ्यासंगं. पाणी भरतंय, धाकटीचं आवरतंय, मग शाळंला येतंय. रातचं जेवण आठला. दुसऱ्या तासापतूर कळ काढतंय, ह्येच लई झालं की."

मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून मी वही ठेवतो. शंभर पानी साधी वही पुरते. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं पुस्तकातलं विधान एका वाक्यात, स्वतःच्या शब्दांत लिहा. उजवीकडं चार प्रश्न: कुणावर तपासलं, किती जणांवर, कुठं, कधी? मार्शमॅलोचं माझं पान असं आहे. डावीकडं: "लहानपणी थांबता येणारी मुलं पुढं यशस्वी होतात." उजवीकडं: बालवाडीतली मुलं, त्यांतली बरीचशी विद्यापीठातल्याच लोकांची. पुढच्या परीक्षेचे गुण मिळाले ते शंभराच्या आतच मुलांचे. त्याखाली निराळ्या शाईत: २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी ९०० हून जास्त मुलांची माहिती तपासली. थांबणं आणि पुढचे गुण यांचा संबंध आधीच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती, मुलाची लहानपणची समज वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराच विरून गेला. गुऱ्हाळावरच्या बाईला हे आधीच ठाऊक होतं.

चारपैकी दोन उत्तरंही पुस्तकात सापडत नसतील तर त्या विधानापुढं फुली मारा. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर मी आधी शेवटची पानं बघतो. संदर्भाच्या टिपा आहेत का? मराठी अनुवाद असेल तर हे हमखास बघा, कारण मी वाचलेल्या काही अनुवादांत टिपा गाळलेल्या होत्या. अनुवादकानं कितीही गोड मराठी लिहिलं तरी त्यामुळं वाचकाचं नुकसान होतं.

मग प्रकाशनाचं साल. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मूळच्या ९७ अभ्यासांत ठळक निकाल होता, फेरतपासणीत तो जेमतेम ३६ टक्क्यांत टिकला. त्याआधीची पुस्तकं टाकून द्यायची असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांचं 'थिंकिंग, फास्ट अँड स्लो' २०११ चं. त्यातल्या चौथ्या प्रकरणात आपण फार थोड्या लोकांवर केलेल्या अभ्यासांवर जास्त विश्वास टाकला, हे त्यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं. नोबेल मिळालेला माणूस असं बोलतो, तेव्हा माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो. ते पुस्तक जरूर वाचा, फक्त त्या चौथ्या प्रकरणाजवळ पेन्सिल ठेवा.

उजवी बाजू भरली की विधान आपल्या गावात आणून बघा. दहा हजार तास सराव केला की कुणीही निष्णात होतो, हे तुम्ही ऐकलं असेल. मूळ अभ्यास १९९३ चा, बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा. दहा हजार ही सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. त्या गटातल्या निम्म्यांनी तेवढे तास भरलेलेही नव्हते, असं अभ्यास करणारे अँडर्स एरिक्सन यांनीच पुढं लिहिलं. त्यांचा भर होता जाणत्या गुरूच्या नजरेखालच्या सरावावर. आमच्या पेठेतल्या तालमीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. लाल मातीत नुसत्या जोर-बैठका मोजून कुणी खासबागच्या कुस्ती मैदानात उतरत नाही. पाय चुकीचा पडला की वस्ताद तिथंच थांबवतात आणि तोच डाव पुन्हा करून घेतात.

शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. वाचलेलं विधान आठ दिवस कुणाला लावू नका. बायकोला नको, मुलांना नको, शेजाऱ्याला तर नकोच. लावावंसं वाटलंच तर आधी त्या माणसाला विचारा, "आज किती वाजता उठलास? काय खाल्लंस?" त्याचं उत्तर वहीत उजवीकडं लिहा. तेवढी जागा मी हल्ली प्रत्येक पानावर खाली मोकळी सोडतो.