द्राक्षगर्भाच्या उपचारात या चुका टाळा

ज्या पेशींपासून एरवी वार तयार होते, त्याच पेशी क्वचित बेसुमार वाढतात आणि गर्भाशयात पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस तयार होतात. यालाच द्राक्षगर्भ किंवा मोलर प्रेग्नन्सी म्हणतात. वेळेत ओळखून शेवटपर्यंत पाठपुरावा केला, तर हा आजार जवळजवळ नेहमी पूर्ण बरा होतो. म्हणूनच साध्या चुकीमुळे एखादी स्त्री गंभीर अवस्थेला पोहोचते, तेव्हा अतिशय वाईट वाटते.

सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तस्राव झाला की नेहमीचा गर्भपात समजून सोनोग्राफीशिवाय गोळ्या घेतल्या जातात, हे धोक्याचे आहे. सोनोग्राफीतही इतक्या लवकर द्राक्षांसारखे चित्र दिसेलच असे नाही, त्यामुळे पिशवी साफ केल्यावर निघालेला भाग पॅथॉलॉजी तपासणीला पाठवला आहे ना, हे नातेवाइकांनी न संकोचता विचारावे. लघवीच्या घरगुती चाचणीवरही विसंबू नये. बीटा एचसीजी या गरोदरपणातील हार्मोनची पातळी फारच वाढलेली असेल, तर ही चाचणी चुकून निगेटिव्ह येऊ शकते.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे पिशवी साफ झाली, रक्तस्राव थांबला, म्हणून बीटा एचसीजीच्या तपासण्या सोडून देणे. पूर्ण द्राक्षगर्भानंतर साधारण 15 ते 20 टक्के स्त्रियांमध्ये या पेशी पुन्हा वाढू लागतात आणि त्याची पहिली चाहूल बहुधा या आकड्यांतूनच लागते. समजा, दर आठवड्याचे आकडे 40,000, 6,000, 900 असे उतरत गेले आणि पुढे 880, 910, 900 असे अडकून राहिले, तर प्रकृती ठणठणीत वाटत असली तरी डॉक्टरांना त्याच आठवड्यात भेटावे. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी, कारण पद्धत बदलली की आकड्यांची तुलना फसवी ठरते.

पाठपुरावा संपण्याआधी दिवस राहिले, तर वाढलेला आकडा नव्या गर्भाचा की आजाराचा, हे कळणे अवघड होते. तोवर गर्भनिरोधक गोळ्या चालतात. मात्र पातळी सामान्य होईपर्यंत तांबी बसवू नये, कारण गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका असतो.

योनीमार्गात निळसर गाठ दिसली, तर बायोप्सीची घाई करू नये. अशा गाठीतून रक्तस्राव आवरेनासा होतो. खोकल्यातून रक्त पडले, तर आजार फुप्फुसांत पसरल्याची शंका घ्यावी. त्यावरही केमोथेरपीचा उत्तम उपयोग होतो आणि गर्भाशय बहुतेकदा वाचते, तेव्हा घाबरून उपचार लांबवू नयेत.

कोरिओकार्सिनोमा हा या पेशींचा कर्करोग व्यवस्थित पार पडलेल्या बाळंतपणानंतरही होऊ शकतो. त्यामुळे बाळंतपणानंतर काही आठवडे उलटूनही रक्तस्राव थांबत नसेल, तर बीटा एचसीजी तपासून घ्यावे. पुढच्या गरोदरपणात द्राक्षगर्भ पुन्हा होण्याची शक्यता 1 टक्क्याच्या आसपासच असते, तरी त्या वेळी पहिली सोनोग्राफी लवकर करावी.