सिक्स बाय सिक्स गाडीवर वर्कशॉप बांधताय? या चुका टाळा

पोकलेनचा होज, म्हणजे दाबाच्या तेलाची नळी, डोंगरावर फुटला की पोकलेन खाली येत नाही, वर्कशॉपलाच वर जावं लागतं. सातारा जिल्ह्यातल्या वांकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची कामं असोत की विदर्भातल्या काळ्या मातीतला कालवा, सहाही चाकं ओढणारी गाडी तिथे खरंच कामाला येते. पण सहा चाकं ओढतात म्हणून वर काहीही चढवलं तरी चालतं, हा समज फार महागात पडतो. मी ज्या गाड्या मोडलेल्या पाहिल्या, त्यांत मूळ गाडीचा दोष क्वचितच होता. आपण वर जे बांधतो आणि ती जशी चालवतो, तिथेच बिघाड होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बॉडी चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, घट्ट आवळून टाकणं. पुढचं डावं चाक खड्ड्यात आणि मागचं उजवं उंचवट्यावर असलं की चासी पिळवटते, आणि ती पिळवटायलाच हवी. वरचा लोखंडी डबा ताठ असतो. त्याला यू-बोल्टने पूर्ण लांबीभर जखडलं की दोघांची झुंज सुरू होते. आमच्या पहिल्या गाडीला मागच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात रंगावर केसाएवढी रेघ दिसली. वेल्डरने ती भरली. महिन्याभरात त्याच्या शेजारी दुसरी रेघ आली, आणि चढावर गाडी वाकडी उभी राहिली की दार उघडेना. शेवटी डबा उतरवला. आता मागची बाजू पक्की ठेवली आहे आणि पुढचे बोल्ट स्प्रिंगवर बसवले आहेत, म्हणजे चासी खालून हलते आणि डबा शांत राहतो. तुमच्या गाडीचं एकच चाक लाकडी ठोकळ्यांवर वीतभर चढवा आणि मागचं दार उघडून पाहा. दार अडकत असेल तर वेल्डिंगची भर घालत बसू नका, बैठक बदला. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडणं किंवा वेल्डिंग करणं तर मुळीच नको.

कॉम्प्रेसर, जनरेटर, व्हाइसचं टेबल अशी सगळी जड मंडळी लोक शेपटाला ठेवतात, कारण तिथे हात पोचतो. मग चढावर पुढचा अॅक्सल हलका होतो आणि स्टिअरिंग हाती लागत नाही. जड सामान खाली आणि शक्य तितकं पुढे घ्या. भरलेली गाडी काट्यावर नेऊन प्रत्येक अॅक्सलवरचं वजन वेगवेगळं मोजून घ्या. बदल आरटीओकडून नोंदवून घ्यायलाही विसरू नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मध्ये परस्पर फेरफाराला मनाई आहे.

दुसरी मोठी चूक म्हणजे लॉक, म्हणजे पुढचे-मागचे अॅक्सल एकाच वेगाने फिरवणारी जोडणी, लावून डांबरी रस्त्यावर जाणं. वळणावर तिन्ही अॅक्सलची वाट वेगवेगळ्या लांबीची असते. मातीत चाक थोडं घसरून हिशोब भरून काढतं, डांबरावर ते घसरत नाही आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, टायर घासतो आणि लॉकचा दांडा बाहेर येत नाही. तेव्हा हातोडा नको. गाडी सरळ ठेवून थोडी मागे घ्या, जमलं तर कच्च्या साइडपट्टीवर. पीळ सुटला की दांडा आपोआप निघतो. लॉक लावून सरळ चालल्यावरही दांडा अडकत असेल, तर टेपने सहाही चाकांचा घेर मोजा. जुन्या पाचांत एकच नवा टायर घातला असला तरी हाच त्रास होतो.

वेल्डिंग गाडीवरच करायचं असेल, तर आधी बॅटरी आणि ईसीयूचं (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याचं) कनेक्शन काढा. अर्थचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावा. बंपरला लावलात तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो. अॅसिटिलीनचा सिलिंडर उभाच बांधा. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल-ग्रीसचा हातसुद्धा लागता कामा नये, तिथे आग लागायला वेळ लागत नाही.

पावसाळ्यात ओढा ओलांडताना तापलेलं अॅक्सल हाऊसिंग गार पाण्यात बुडतं. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. यासाठी ब्रीदरला, म्हणजे हाऊसिंगच्या हवा ये-जा करायच्या तोंडाला, नळी लावून ती डब्याच्या उंचीपर्यंत वर न्या. तरीही शंका असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, हाऊसिंगच्या तळाचा ड्रेन प्लग थोडा सैल करा. पाणी जड असल्याने ते तळाशी बसतं आणि तेलाआधी बाहेर येतं. नुसतं पाणी आलं तर सील तपासा. दुधासारखं पांढरट तेल आलं तर त्याच दिवशी तिन्ही अॅक्सलचं तेल बदला.