ऋतूनुसार चिनी आहार: तक्ता पाहून ताट वाढू नका

चिनी वैद्यकातला ऋतूंचा तक्ता एकदा पाहिला की डोक्यात पक्का बसतो: प्रत्येक ऋतूला एक अवयव आणि एक चव. वसंत, यकृत, आंबट. उन्हाळा, हृदय, कडू. उन्हाळ्याचे शेवटचे दमट दिवस, प्लीहा, गोड. शरद, फुप्फुस, तिखट. हिवाळा, मूत्रपिंड, खारट. मग माणूस वसंतात प्रत्येक घासावर लिंबू पिळतो आणि हिवाळ्यात मिठाचा हात सैल सोडतो. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो.

तक्ता नातं सांगतो, किती खायचं ते सांगत नाही. सातव्या शतकातले वैद्य सुन सिमियाओ यांचा सल्ला तर उलट आहे: वसंताच्या ७२ दिवसांत आंबट कमी करा, गोड वाढवा. त्या ऋतूत यकृताचा जोर आधीच वाढलेला असतो. त्याला आणखी आंबट दिलं की ते प्लीहेवर, म्हणजे चिनी अर्थाने पचनशक्तीवर, कुरघोडी करतं. म्हणून आधार दुबळ्या बाजूला द्यायचा. हे गोड म्हणजे मिठाई नव्हे. भात, रताळं, लाल बोरं, कोनफळाच्या कुळातला शानयाओ कंद, असलं सौम्य गोड. हिवाळ्यालाही हाच न्याय: खारट कमी, कडू जास्त.

मिठाबद्दल तर मला ठामपणे सांगावंसं वाटतं. 'हुआंगदी नेइजिंग' या प्राचीन ग्रंथातच अति खारटाने रक्तवाहिन्यांतला प्रवाह गोठतो असा इशारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही दिवसाला ५ ग्रॅमच्या आतली आहे. रक्तदाब असेल तर 'मूत्रपिंडासाठी खारट' हे वाक्य विसरून जा. शिवाय चिनी 'मूत्रपिंड' म्हणजे वाढ, हाडं, म्हातारपण अशा कितीतरी गोष्टींचं एकत्रित नाव आहे. आपल्या सोनोग्राफीत दिसणारी किडनी आणि ते, एकच नाही.

थंड म्हणजे फ्रीजमधलं नव्हे

पदार्थाचा शीत-उष्ण गुण आणि त्याचं तापमान वेगळं, हे आपल्याला ऋतुचर्येमुळे पटकन कळतं. मुगाचं पाणी कोमट प्यायलं तरी शीतच. तरी उन्हाळा आला की बर्फाचं पाणी, कलिंगड, काकडी यांचा मारा सुरू होतो. चीनमध्ये म्हण आहे, हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याच्या चिठ्ठीची गरज नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण तर्क असा: उन्हाळ्यात शरीरातला यांग, म्हणजे उष्ण जोम, त्वचेकडे धावतो आणि पोट आतून गार पडतं. म्हणून थोडं आलं. हिवाळ्यात तोच यांग आत दडतो, वर मटण-रस्से जड होतात, तेव्हा मुळा पोट मोकळं करतो. श्युझोउ शहरात ऐन उकाड्याच्या 'सानफू' दिवसांत लोक मटणाचा रस्सा पितात, तो याच समजुतीतून.

तारखेवर विसंबू नका

वर्षाचे २४ भाग करणारं चिनी सौर पर्वांचं पंचांग पीत नदीच्या खोऱ्यात घडलं. ४ फेब्रुवारीच्या सुमाराचं 'लीचुन', म्हणजे वसंताची सुरुवात, हा तिथे बर्फ नुकतं सैल होण्याचा काळ. विदर्भात त्यानंतर काही आठवड्यांतच ऊन चटके द्यायला लागतं. खुद्द चीनमध्येही ऑगस्टातल्या 'लीछिउ'ला कागदोपत्री शरद लागतो, पण उकाडा हटत नाही. त्याला तिथे 'शरदाचा वाघ' म्हणतात. त्या दिवशीच पौष्टिक मांसाहार सुरू केला तर पोट बिघडतं. खिडकीबाहेरची हवा आधी पाहा. आपला जून ते सप्टेंबर चिनी पुस्तकातल्या कोरड्या शरदापेक्षा त्यांच्या दमट दिवसांशी जास्त जुळतो.

बिघडलं तर

शरदात कोरड्या खोकल्यासाठी नासपती खाल्ली आणि पोट ढिलं झालं? कच्ची नासपती शीत मानतात. खडीसाखर घालून वाफवून खा (मधुमेह असेल तर साखर वगळा). हिवाळ्यात आलं-मटणाचा रस्सा घेतल्यावर तोंड आलं, घसा धरला? याला चिनी लोक 'शांगहुओ', आग वर चढली, म्हणतात. दोन-चार दिवस रस्सा बंद, साधी भाताची पेज आणि मुळा. उन्हाळ्यात जेवणानंतर पोट जड आणि जीभेवर जाड पांढरा थर दिसला, तर गार पेयं आणि कच्ची फळं आधी थांबवा, मग बाकीचं पाहा. पोट आठवडाभर ढिलंच राहिलं, ताप आला किंवा वजन उतरायला लागलं, तर आहाराचे प्रयोग थांबवून डॉक्टरकडे जा.