ठाण्याहून स्टुटगार्टला निघताना: टपालपेटीवर आडनाव लावा

आमच्या सोसायटीतली एक मुलगी सप्टेंबरात मास्टर्ससाठी जर्मनीत स्टुटगार्टला निघाली आहे. पुढे तिथेच इंटर्नशिपही करायची आहे. तिच्या आईने यादी मागितली. तिथले माझे पहिले दोन महिने एका चुकीपायी वाया गेले होते, म्हणून ही यादी निघणाऱ्या सगळ्यांसाठीच लिहितोय.

पासपोर्ट, व्हिसा, एपीएस (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र), प्रवेशपत्र, विम्याचे कागद हँडबॅगेत. हे तुम्हाला माहीत आहे. ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायच्या खात्याचं, मात्र नीट समजून घ्या. वर्षाचे ११,९०४ युरो भरले तरी दरमहा फक्त ९९२ सुटतात, तेही तिथलं बँक खातं उघडल्यावर. पहिलं भाडं आणि डिपॉझिट यांची सोय वेगळी करा. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याएवढंही असू शकतं.

आता खोली. ठाण्यात बसूनच मालकाला दोन गोष्टी विचारा. पहिली, नोंदणीसाठी लेखी पत्र देणार का? राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग, करावी लागते. तिथे नुसता भाडेकरार चालत नाही, मालकाचं पत्रच लागतं. दुसरी, टपालपेटीवर माझं आडनाव लागेल का? ही दुसरी मी विचारलीच नव्हती.

आपल्याकडे पोस्टमन फ्लॅट नंबर बघून पत्र टाकतो, नाहीतर वॉचमनकडे देऊन जातो. तिथे बहुतेक पत्त्यांत फ्लॅट नंबरच नसतो. इमारतीखालच्या पेटीवर जे आडनाव, त्याचंच पत्र आत पडतं. मी पोटभाडेकरू होतो आणि पेटीवर मूळ भाडेकरूचं नाव होतं. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या. माझी दोन्ही पाकिटं परत गेली. विम्याचं कार्ड परत गेलं. नोंदणीनंतर ११ आकडी टॅक्स नंबर टपालानेच येतो, तोही परत गेला. तो नंबर नाही म्हणून इंटर्नशिपचा पहिला पगार सहाव्या कर-वर्गात धरला गेला, म्हणजे सगळ्यात जास्त कापून हातात आला. विवरणपत्र भरल्यावर पुढच्या वर्षी पैसे परत मिळाले, पण त्या महिन्याचं भाडं बाबांनी पाठवलं. ते अजून टोचतं.

म्हणून गोखले रोडवर पेन घ्यायला गेलात की पांढरी लेबलं, रुंद चिकटपट्टी आणि पाण्याने न पुसणारा काळा मार्करही घ्या. पाच-सहा लेबलांवर आडनाव घरीच लिहून ठेवा, स्पेलिंग पासपोर्टवरचंच. पोहोचलात की मालकाला किंवा मूळ भाडेकरूला सांगून त्याच संध्याकाळी एक पेटीवर लावा, एक बेलवर. बॅग नंतर उघडा. नाव लावायला कोणी नाही म्हणत असेल तर ती खोली घेऊच नका, कितीही स्वस्त असो.

खाण्याचं म्हणाल तर गोडा मसाला न्या. आईने कितीही आग्रह केला तरी तूप आणि पेढे नकोत. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. जाड कोट तिथेच घ्या. भारतातलं सिम रोमिंगसह चालू ठेवा, आपल्या बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

शनिवारी रात्री पोहोचेल असं तिकीट काढू नका. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली काही सोडून.

पोहोचल्यावर क्रम असा: पेटीवर नाव, नोंदणी, बँक, विमा, विद्यापीठ. व्हिसा संपायच्या आत रेसिडेन्स परमिटचा अर्ज. विद्यार्थ्याला वर्षात जास्तीत जास्त १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप त्यात धरत नाहीत. करारावर सही करण्याआधी ती सक्तीची की ऐच्छिक, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

आणि इंटर्नशिपसाठी दुसऱ्या गावी खोली बदललीत, तर तिथल्या पेटीवरही आडनाव. त्याच दिवशी.