जादू, प्रेम आणि लपवलेली ओळख: कादंबरी लिहिताना या चुका टाळा

पहिली पन्नास पानं झरझर जातात. मग कादंबरी रुतते, आणि बहुतेकदा एकाच जागी: नायकाने आपली ओळख का लपवलीय, हे लेखकानेच नीट ठरवलेलं नसतं. कथानक चालावं म्हणून बिचारा गप्प राहतो. तपासायचं असेल तर तिसऱ्याच प्रकरणात त्याला सगळं कबूल करायला लावा. कच्चा प्रसंग लिहूनच बघा. कोणाचं काही बिघडत नसेल, तर गुपित पोकळ आहे.

दुसरी चूक निवेदनाची. गोष्ट ‘मी’ सांगतोय, रोज आरशात बघतोय, आणि आपण शापित राजपुत्र आहोत हे मात्र तीनशे पानं त्याच्या मनातही येत नाही! ही वाचकाची फसवणूक झाली. एक तर निवेदन नायिकेकडे द्या, नाहीतर वाचकाला आधीच गुपितात सामील करून घ्या. मला दुसरं जास्त आवडतं. ‘आता हिला कळेल’ ही धाकधूक धक्क्यापेक्षा खूप जास्त पानं पुरते.

जादूचे नियम अडचण आली की बदलू नका. याहून जास्त सांगायला नको.

खरी माती होते ती ओळख पटण्याच्या प्रसंगात. वारा सुटतो, मुखवटा गळतो, खांद्यावरची खूण दिसते. यात तिने काय केलं? महाभारताच्या वनपर्वातली दमयंती बघा. कर्कोटक नागाच्या दंशाने तिच्या नवऱ्याचं, नलाचं रूप पालटलंय, तो बाहुक नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झालाय. दमयंती आपल्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप इतक्या आयत्या वेळी धाडते, की नलासारखा रथ हाकणाराच राजाला वेळेत पोचवू शकेल. मग केशिनी दासीला पाळतीवर ठेवते, बाहुकाने रांधलेलं मागवून चाखते. रूप गेलं तरी हाताची चव राहिलेली असते.

आणि कळल्यावर तिला रागावू द्या. आपण जीव लावला त्यातला खरा कोण, हा प्रश्न पान उलटताच मिठीने सुटत नाही.

समजा, तुमची नायिका ‘म्हणजे तू जादूगार आहेस?’ असं किंचाळतेय. ते खोडा. त्याऐवजी तो सवयीने, नुसत्या नजरेने दिवा लावतो. ती पुस्तकातून मान वर करत नाही. दुसऱ्या संध्याकाळी काडेपेटी उशीखाली सरकवून म्हणते, ‘अंधार पडला. दिवा लावतोस?’