एलएसडी शिकताना : आत्ता कोणते चाक वेगाने फिरत आहे?

डिफरन्शियल म्हणजे वळणात एका अॅक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. तिच्याशी माझी पहिली ओळख शिरोळकडच्या मामांच्या उसाच्या फडात झाली. भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचे एक चाक चिखलात जागच्या जागी फिरू लागले की मामा पायाने डिफ-लॉकचे पेडल दाबत, दोन्ही चाके एकत्र फिरत आणि ट्रॅक्टर बाहेर येई. वळण घेण्याआधी मात्र ते पाय हटकून काढत. पुढे अभियांत्रिकीला फॉर्म्युला स्टुडंटच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बांधण्याच्या स्पर्धेच्या, संघात ट्रान्समिशनचे काम माझ्याकडे आले, तेव्हा लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एलएसडी) म्हणजे याच डिफ-लॉकचे सौम्य रूप, असे मी धरून चाललो आणि जवळजवळ वर्षभर चुकत राहिलो. या कामात नव्याने येणाऱ्यांची तेवढी तरी वाट वाचावी, म्हणून हे लिहीत आहे.

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. वळणात वजन बाहेरच्या बाजूला सरकते आणि आतले चाक हलके होते. त्या चाकाला जमिनीवर १०० न्यूटन-मीटरच पेलत असतील, तर भक्कम टेकलेल्या बाहेरच्या चाकालाही १००च मिळतात आणि थ्रॉटल आणखी दाबला तर आतले चाक नुसतेच फिरते. टॉर्सनसारख्या गिअरच्या एलएसडीचा टॉर्क बायस रेशो, म्हणजे एका चाकाला दुसऱ्याच्या जास्तीत जास्त किती पट टॉर्क मिळू शकतो ते प्रमाण, ३ असेल, तर बाहेरच्या चाकाला ३०० पर्यंत मिळू शकतात. मात्र आतले चाक हवेत उचलले गेले की शून्याची तिप्पट शून्यच होते, हे अनेक जण विसरतात.

आमच्याकडे प्लेटांचे एलएसडी होते. ते मी प्रथम उघडलेले पाहिले कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, जिथल्या मिस्त्रींनी वर्तमानपत्र पसरून प्रत्येक प्लेट निघाली त्याच क्रमाने मांडली आणि क्रम चुकला तर घासणारे पृष्ठभाग कमी-जास्त होतात, असे बजावले. मधल्या दोन प्रेशर रिंगांत तिरक्या कडांच्या खाचा असतात आणि त्यांत स्पायडर पिनियनची, म्हणजे डिफरन्शियलच्या मधल्या छोट्या गिअरची, पिन बसते. थ्रॉटल दाबला की पिन तिरक्या कडेवर चढू पाहते, रिंगा फाकतात, प्लेटा दाबल्या जातात आणि त्यांच्या घर्षणाने दोन्ही चाके एकमेकांना बांधली जातात. या बांधणीलाच लॉक म्हणतात. कड आसाला समांतर असेल तर रिंगा फाकतच नाहीत. ती जितकी कलती, तितका दाब जास्त. थ्रॉटल सोडल्यावर पिन खाचेच्या दुसऱ्या कडेला टेकते, म्हणून तिथला उतार वेगळा ठेवता येतो. फक्त थ्रॉटलवर लॉक होणारे वन-वे, थ्रॉटल सोडल्यावर कमी लॉक होणारे दीड-वे आणि दोन्हीकडे सारखे लॉक होणारे टू-वे हे प्रकार यातूनच आले.

एलएसडी टॉर्क ढकलते ते नेहमी वेगाने फिरणाऱ्या चाकाकडून सावकाश फिरणाऱ्याकडे, आणि माझ्या मते सगळी मेख इथे आहे. वळणात शिरताना बाहेरचे चाक वेगात असते, त्यामुळे जास्तीचा टॉर्क आतल्या चाकाला मिळतो आणि गाडी सरळ जाऊ पाहते. वळणातून निघताना, थ्रॉटलवर आतले चाक घसरून बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरू लागले की हाच प्रवाह उलटतो, बाहेरचे चाक ढकलू लागते आणि नाक आत वळते. लॉक फार असेल, तर पुढच्या क्षणी दोन्ही मागची चाके सुटून शेपूट बाहेर जाते. एकच पुर्जा काही सेकंदांत दोन उलट वागणुका दाखवतो.

हे ठाऊक नसताना आम्ही स्पर्धेआधी एका रात्रीत उतारही जास्त लॉकचा निवडला आणि स्प्रिंग वॉशरचा प्रीलोडही, म्हणजे थ्रॉटल नसतानाही प्लेटांवर असणारा दाब, वाढवला. स्पर्धेतली स्किडपॅड चाचणी म्हणजे १५.२५ मीटर आतल्या व्यासाच्या दोन वर्तुळांचा, इंग्रजी आठच्या (8) आकाराचा मार्ग. तिथे थ्रॉटल हलकाच असतो, आतले चाक घसरत नाही आणि बाहेरचे चाक सतत वेगात राहते. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "नाकच आत येईना झालंय बघ." दोष उताराचा की प्रीलोडचा, हे सांगणे आम्हांला शक्य नव्हते, कारण दोन्ही एकदम बदलले होते.

तेव्हापासून मी आधी प्रीलोड मोजतो. एक चाक जमिनीवर, दुसरे उचललेले, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि उचललेल्या चाकाच्या हबवर टॉर्क रेंच लावून ते कितीला हलते ते वहीत लिहायचे. प्लेटा झिजल्या की हा आकडा उतरतो. तेलाकडेही लक्ष हवे : प्लेटांच्या एलएसडीत फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे प्लेटा झटके न देता सरकाव्यात म्हणून मिसळायचे द्रव्य, नसलेले तेल मी एकदा घातले होते आणि पार्किंगमध्ये गाडी वळवताना मागून कटकट असा आवाज येऊ लागला, तेव्हा प्लेटाच गेल्या असे समजून सगळे खोलून बसलो. गाड्यांच्या जाहिरातींतले ब्रेकने चालणारे 'इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक' यापेक्षा वेगळे आहे. ते घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावते, मुलाखतीत या दोहोंत गल्लत करू नये.

पुस्तक उघडण्याआधी कोल्हापुरातल्या कार्टिंग ट्रॅकवर एकदा जाऊन यावे. कार्टला डिफरन्शियल नसतेच, मागचा अॅक्सल सलग असतो. परवानगी घेऊन, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग सरळ असताना कार्ट हाताने ढकलावी, मग स्टिअरिंग पूर्ण वळवून तीच पुन्हा ढकलावी. दुसऱ्या वेळी खांद्याला लागणारा जोर लक्षात ठेवावा. आमच्या ड्रायव्हरला स्किडपॅडवर तोच लागला होता.