गुगल-ॲमेझॉनच्या इंटरव्ह्यूची तयारी करताय? मग आजपासून मोठ्याने बोलत कोड लिहा

मागच्या दिवाळीत माझा मावसभाऊ म्हणाला, ताई माझा एक मॉक, म्हणजे सरावाचा इंटरव्ह्यू घे ना, बेंगळुरूच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा कॉल आलाय आणि हातात तीनच आठवडे आहेत. लीटकोड या कोडिंगच्या सरावाच्या वेबसाइटवर पठ्ठ्याचे साडेतीनशे प्रश्न सोडवून झालेले, त्यामुळे मी निवांत होते. व्हिडिओ कॉलवर एक मीडियम, म्हणजे मध्यम अवघड प्रश्न दिला आणि तो जो गप्प झाला तो अकरा मिनिटं गप्पच. मधे दोनदा मीच विचारलं, आवाज येतोय ना? अकरा मिनिटांनी त्याने खटाखट कोड लिहिला, उत्तर बरोबर, स्वारी खूश. मग मी माझी वही कॅमेऱ्यासमोर धरली. त्यात एवढंच लिहिलेलं होतं: "उत्तर बरोबर. कसं सुचलं ते कळलं नाही."

त्याचा चेहरा पडला, पण मला त्याला हेच दाखवायचं होतं. मी गेली काही वर्षं इंटरव्ह्यू घेते आणि दर वेळी अशी हुशार पोरं बघते, घरी सगळं येतं, तिथे मात्र तोंडातून शब्द फुटत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी आत काय चालतं ते समजून घ्या. गुगलमध्ये तुमचा इंटरव्ह्यू घेणारा माणूस एकटा तुम्हाला घेऊ शकत नाही, तो फीडबॅक लिहून देतो आणि हायरिंग कमिटी, म्हणजे तुम्हाला कधी न भेटलेली माणसं, ते सगळं वाचून ठरवतात. ॲमेझॉनमध्ये पण सगळे इंटरव्ह्यूअर आपापलं लिहून देतात आणि मग एकत्र बसून चर्चा होते, त्यात एकजण बार रेझर, म्हणजे निवडीचा दर्जा घसरू न देणारा असतो, तो मुद्दाम दुसऱ्या टीमचा असतो आणि तो अडला तर काम अडतं. म्हणजे तुमचं भवितव्य त्या पंचेचाळीस मिनिटांत समोरच्याने काय लिहून घेतलं यावर आहे. तुम्ही मनात कितीही भारी विचार केलात आणि बोलला नाहीत तर तो त्या कागदावर येणारच नाही.

राउंड साधारण असे असतात, आधी रिक्रूटरचा फोन, मग ऑनलाइन टेस्ट नाहीतर फोन स्क्रीन (फोनवरचा छोटा इंटरव्ह्यू), आणि मग चार-पाच राउंड, प्रत्येकी पाऊण तास ते तास. कोडे घालतील का ही भीती सोडून द्या. विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील वगैरे प्रश्नांचा काही उपयोग होत नाही हे गुगलचे तेव्हाचे एचआर प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच जाहीरपणे सांगून टाकलंय. त्यामुळे कोड्यांच्या व्हिडिओंवर वेळ घालवू नका.

वेळ किती लागतो? नोकरी करून रोज दोन तास दिले तर तीन महिने धरा. आपल्याकडे बऱ्याच सर्व्हिस कंपन्यांत नोटीस पीरियडच नव्वद दिवसांचा असतो, तरी राजीनामा टाकून तयारीला लागू नका, हातात ऑफर आल्याशिवाय नाहीच, घरचे हप्ते डोक्यावर असताना इंटरव्ह्यूला बसलं की साधा लूप पण चुकतो. पहिला महिना ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधोमध बघून निम्मी यादी सोडत शोधणं) या विषयांवर द्या. दुसरा महिना स्टॅक, लिंक्ड लिस्ट, ट्री, हीप आणि ग्राफवर, त्यात बीएफएस आणि डीएफएस, म्हणजे ग्राफमध्ये शोधत फिरायच्या दोन पद्धती, झोपेतून उठवलं तरी लिहिता आलं पाहिजे. डायनॅमिक प्रोग्रामिंग सगळ्यात शेवटी, आणि त्याचा बाऊ करू नका, रिकर्जन (स्वतःलाच परत बोलावणारं फंक्शन) लिहून मेमो लावता आला, म्हणजे आधी काढलेली उत्तरं साठवून वापरता आली, तरी बरंचसं काम होतं. प्रश्नांची यादी म्हणून सुरुवातीला ब्लाइंड ७५, ही ७५ प्रश्नांची प्रसिद्ध यादी, पुरे. पाचशे प्रश्न एकदा करण्यापेक्षा दीडशे प्रश्न दोनदा करा, दुसऱ्यांदा कोणाला तरी समजावून सांगत. बेसिकच कच्चं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट आहेत, आधी ती बघा, कोचिंगला लाखभर रुपये भरायची घाई करू नका.

आता मोठ्याने बोलत सोडवायचं म्हणजे नक्की काय ते भावाला दिलेल्याच प्रश्नावर दाखवते. एका स्टेशनवर येणाऱ्या गाड्यांच्या येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा दिल्यात, कुठलीही गाडी बाहेर सिग्नलला थांबू नये म्हणून कमीत कमी किती प्लॅटफॉर्म लागतील? जुनाच प्रश्न आहे, भरपूर ठिकाणी मिळेल. समजा चार गाड्या आहेत, पहिली ९:०० ला येते ९:१० ला सुटते, दुसरी ९:०५ ते ९:३०, तिसरी ९:१० ते ९:१५, चौथी ९:२० ते ९:४०.

इथे कोडला हात लावायच्या आधी एक प्रश्न विचारायलाच पाहिजे: पहिली गाडी ९:१० ला सुटतेय आणि तिसरी बरोबर ९:१० ला येतेय, तर तिसरीला तोच प्लॅटफॉर्म चालेल का? चालत असेल तर उत्तर दोन, चालत नसेल तर तीन. प्रश्न तोच, गाड्या त्याच, आणि उत्तर बदलतं. समोरच्याने हे मुद्दाम सांगितलेलं नसतं, तुम्ही विचारता का हे तो बघत असतो. भावाने विचारलं नाही, स्वतःच गृहीत धरलं, ते बरोबर निघालं हा नशिबाचा भाग.

मग साधा मार्ग आधी सांगायचा, लाजायचं नाही. "प्रत्येक गाडी आली की त्या क्षणी स्टेशनात अजून किती गाड्या आहेत ते बाकी सगळ्या तपासून मोजेन, हे एन स्क्वेअर होईल, म्हणजे गाड्यांच्या संख्येचा वर्ग एवढ्या तुलना." मग लगेच आकडा टाका: गाड्या एक लाख असतील तर हजार कोटी तुलना, संगणक सेकंदाला ढोबळमानाने दहा कोटी साध्या गोष्टी करतो असं धरलं तर शंभर सेकंद, एवढं कोण थांबणार. मग सुधारणा: "मला कुठली गाडी कुठली याच्याशी देणंघेणं नाही, फक्त आत्ता किती उभ्या आहेत ते हवंय, म्हणून येण्याच्या वेळा वेगळ्या सॉर्ट करते, सुटण्याच्या वेगळ्या, दोन्हीकडे एकेक बोट ठेवते, पुढची घटना येण्याची असेल तर एक मिळवते, सुटण्याची असेल तर एक वजा, आणि वाटेत सगळ्यात मोठा आकडा लक्षात ठेवते." सॉर्टिंगला लाख गुणिले साधारण सतरा, म्हणजे सतरा लाख, क्षणात होतं. आणि ९:१० ला दोन्ही घटना एकदम आल्या तर आधी कुठली घ्यायची हे मघाच्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं, तोच प्लॅटफॉर्म चालत असेल तर आधी सुटणारी. बघा, सुरुवातीला विचारलेला प्रश्न कोडमधल्या एका = या चिन्हापर्यंत येऊन पोचला, आणि हे तुम्ही बोलून दाखवलंत तर समोरच्याची वही भरते.

कोड झाला की "डन" म्हणून थांबू नका. हेच चार गाड्यांचं उदाहरण घेऊन ओळ न् ओळ हाताने चालवा, व्हेरिएबलच्या किमती बोलत बोलत, कारण बऱ्याचदा तिथे कोड रन करायची सोयच नसते. मग रिकामी यादी, एकच गाडी, सगळ्या एकाच वेळी, हे तपासा. साध्या कोडमध्ये पण चुका राहतात, यात कमीपणा काही नाही. जावा या भाषेच्या लायब्ररीवर काम केलेले जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये लिहिलं होतं की जावाच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये नऊएक वर्षं बग होता, मिड, म्हणजे मधली जागा काढायला लो अधिक हाय (यादीची दोन टोकं) भागिले दोन करताना बेरीज २,१४७,४८३,६४७ या पूर्णांकाच्या मर्यादेच्या वर गेली की ती उणे व्हायची. आणि तो कोड ब्लॉक यांनी स्वतः लिहिलेला होता. तेव्हा मिड काढताना लो मध्ये हाय आणि लोच्या फरकाचं अर्धं मिळवा आणि का ते एका वाक्यात सांगा.

आता भाषेचं. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, त्यामुळे हे मनापासून सांगते, इंग्रजी फाडफाड नसेल तर काही बिघडत नाही, पण इंग्रजीत विचार जुळवता जुळवता गप्प बसलात तर बिघडतं. मी काय केलं, पहिले तीन आठवडे चक्क मराठीत बोलत सोडवलं, "आता हा पॉइंटर पुढे सरकवते कारण बेरीज कमी पडतेय", मोबाईलवर रेकॉर्ड करून रात्री ऐकायचे. एकदा बोलायची सवय लागली की तेच इंग्रजीत आणायला फार वेळ लागत नाही, कारण निम्मे शब्द तसेही इंग्रजीच असतात. दहा-बारा वाक्यं पाठ असू द्या, मला मिनिटभर विचार करायला द्या, मी आधी साधा उपाय सांगते, इथे मी अडकलेय कारण असं असं. ही शेवटची सगळ्यात कामाची, कारण अडकलो असं सांगितलं की समोरचा हिंट देतो, आणि हिंट पकडून पुढे जाणं हे पण लिहून घेतलं जातं. आठवड्यातून एक मॉक तरी माणसासमोर द्या. रूममेट चालेल, ऑफिसातला मित्र चालेल, आरशासमोर नको, आरसा "का?" असं विचारत नाही.

बिहेवियरलचा राउंड, म्हणजे तुम्ही कामात कसे वागलात हे विचारणारा, आपली मुलं फार हलक्यात घेतात आणि तिथेच जातात. ॲमेझॉनची लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कसं काम करावं याची कंपनीची तत्त्वं, आता १६ आहेत, २०२१ मध्ये दोन वाढली, आणि जवळपास प्रत्येक राउंडमध्ये त्यावर प्रश्न येतात. स्टार पद्धत सगळ्यांना माहीत असते, परिस्थिती काय, काम काय, मी काय केलं, निकाल काय. अडचण दुसरीकडेच आहे, आपण "मी" म्हणायला कचरतो. लहानपणापासून मी-मी करू नये असं शिकवलेलं, एकट्याने केलेल्या कामाला पण आपण "आम्ही केलं" म्हणतो. घरात ते शोभतं, इथे मात्र तुम्ही दहा वेळा आम्ही म्हणालात की समोरच्याला कळतच नाही तुम्ही नक्की काय केलंत. टीमचं श्रेय द्या, पण तुमचा भाग "मी" म्हणूनच सांगा.

तुमची एखादी चूक सांगा, हा प्रश्न हमखास येतो. माझी गोष्ट सांगते. एका जुन्या कंपनीत रात्री आपोआप चालणारा जॉब (प्रोग्राम) मी रीट्रायवर, म्हणजे पडला तर परत सुरू होईल असा लावला होता आणि आधीचा जॉब खरंच पडलाय का ते तपासलं नव्हतं, तो हळू चालत होता एवढंच, मग दुसरा सुरू झाला आणि ग्राहकांना एकच एसएमएस दोनदा गेला. पहिल्यांदा इंटरव्ह्यूत मी हे सांगितलं तेव्हा सर्व्हर स्लो होता, डॉक्युमेंटेशन नव्हतं, असं सगळं सांगत बसले, आणि समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं की तुम्ही काय वेगळं करायला हवं होतं. त्यानंतर मी ती गोष्ट बदलली: चूक माझी होती, सकाळी मॅनेजरला मी स्वतः फोन केला, त्याच दिवशी प्रत्येक मेसेजला एक युनिक आयडी लावून तो गेलाय का ते आधी बघायची सोय केली, आणि मग तोच प्रकार दुसऱ्या दोन जॉबमध्ये शोधून दुरुस्त केला. तीन मिनिटांत होते. अशा आठ-दहा खऱ्या गोष्टी लिहून ठेवा, भांडणाची एक, डेडलाइन चुकल्याची एक, वरिष्ठांना नाही म्हटल्याची एक. बनवून सांगू नका, तीन-चार उपप्रश्न आले की बनावट गोष्ट उघडी पडते.

सिस्टीम डिझाइन, म्हणजे एखादी मोठी सेवा कशी उभी कराल हे सांगायचा राउंड, फ्रेशरला सहसा नसतं, चार-पाच वर्षं अनुभव असेल तर असतंच. तिथेही तेच, आधी विचारा, मग आकडे. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून दिवसाला एक कोटी रिक्वेस्ट म्हणजे सेकंदाला ११६ च्या आसपास, गर्दीच्या वेळी त्याच्या काही पट, हे ऐकायला मोठं वाटतं पण फार नाहीये, लगेच पन्नास सर्व्हर काढू नका. लिंक छोटी करणारी सेवा विचारली तर इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ चिन्हं, सात अक्षरी कोडला साडेतीन लाख कोटी शक्यता, बास झाल्या. काफ्का, रेडिस अशा तयार सॉफ्टवेअरची नावं घ्यायचीच तर ते तिथे का हवंय ते सांगता आलं पाहिजे.

रेझ्युमे एका पानाचा ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीवर दहा मिनिटं बोलता येत नसेल तर ती ओळ काढा.

एआयबद्दल पण विचारतात लोक. तयारीत खुशाल वापरा, "माझ्या कोडमध्ये कुठे चुकतंय" विचारायला उत्तम आहे. पण ऑनलाइन इंटरव्ह्यूत दुसऱ्या स्क्रीनवर उत्तर वाचायच्या फंदात पडू नका, डोळे कुठे फिरतात ते दिसतं, आणि आता कंपन्या सावध झाल्यात, सुंदर पिचाई यांनीच २०२५ मध्ये सांगितलं की निदान एक राउंड समोरासमोर घ्यायचा विचार आहे. तिथे व्हाइटबोर्ड आणि तुम्ही.

आदल्या रात्री नवीन प्रश्न नको. इंटरनेटला बॅकअप म्हणून मोबाईलचा हॉटस्पॉट तपासून ठेवा, लाइट जायची सवय असलेल्या गावात असाल तर लॅपटॉप पूर्ण चार्ज, पाण्याची बाटली, कोरी वही. शेवटी "काही विचारायचंय का" म्हणतील तेव्हा पगाराचं विचारू नका, ते रिक्रूटरशी बोलायचं. टीममध्ये नवीन माणूस पहिल्या तीन महिन्यांत काय करतो, हे विचारा.

आणि कॉल संपला की अर्ध्या तासात वहीत लिहून काढा, कुठे अडकलात, काय विचारायचं राहिलं. नकार आला तर बहुतेक कंपन्या सहा महिने ते वर्षभराने परत बसू देतात, तेव्हा ही वही कामाला येते. भाऊ त्या वेळी शेवटच्या राउंडला गेला, झालं नाही. त्याच्या वहीत अडीच पानं लिहिलेली आहेत, आणि आता दर रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन येतो, ताई प्रश्न दे, आणि बोलायला लागला की मला मधे विचारायची संधीच देत नाही.